वाट देणारा रोबो

माझ्या धाकट्या मावशीला माणसांपेक्षा यंत्रं जास्त ओळखत, असं मी म्हटलं तर वाचणाऱ्याला ती भाचीची लाडिक अतिशयोक्ती वाटेल. पण आमच्या विद्यानगरात तिला ओळखणारं कुणीही सांगेल, की मी थोडं कमीच सांगते आहे. जामबागच्या एका जुन्या शाळेत ती पदार्थविज्ञान शिकवायची. वर्गात न्यूटनचे नियम अगदी पुस्तकाबरहुकूम सांगायची, आणि तास संपला की टेबलावरच्या उपकरणावरून हात फिरवून त्याला हळूच ‘शुक्रिया’ म्हणायची. यंत्रांशी ती दखनी उर्दूतच बोले. मराठीत का नाही, असं विचारलं तर म्हणे, "परमुलखातून येतात गं बिचारी, आपली घरातली भाषा त्यांना कशी कळणार? आणि इंग्रजीत बोललं की शेफारतात." घरातला मिक्सर अडला की बाकीचे त्याला थपडा मारत, मावशी शेजारी बसून विचारायची, "क्या मियाँ, कायकू मुँह फुलाके बैठे?" आणि मिक्सर सुरू व्हायचा. आम्ही हसायचो, पण हसताना एकमेकांकडे बघायचो नाही.

ते दिवस घराघरांत नव्या वस्तू येण्याचे होते. ज्यांच्यासाठी पूर्वी आखातातल्या नातेवाइकांची वाट बघावी लागे, ती वॉशिंग मशीन आणि रंगीत टीव्ही आता आबिड्सच्या बाजारातल्या दुकानांत रांगेनं मांडलेली दिसत. पण घरं जसजशी यंत्रांनी भरत गेली, तसतशी मावशीला येणारी बोलावणी कमी झाली, कारण यंत्राचं मन तिला आधीच कळायचं आणि लोकांना त्याची धास्ती वाटे. शेजारच्या देशपांडेकाकूंनी हळदकुंकू वाहून नवं वॉशिंग मशीन सुरू केलं, त्या दिवशी मावशीनं झाकणावर हात ठेवला आणि खिन्नपणे म्हणाली, "याला इथं करमणार नाही." थोड्याच दिवसांत त्याची मोटर जळाली. दुसरं आणल्यावर मावशी जिन्यात दिसली रे दिसली, की काकू त्यावर चादर टाकायच्या, दृष्ट लागू नये म्हणून बाळाला झाकावं तशा. सिकंदराबादच्या एका कपड्यांच्या दुकानात नवी लिफ्ट बसली होती. मावशी तिच्या दारातून मागे फिरली. "आज नक्को बोलरी इने," लिफ्टकडे बोट दाखवत म्हणाली. आम्ही कुरकुरत जिना चढलो, आणि वर पोचलो तर मधेच अडकलेल्या लिफ्टमधून कुण्या लग्नघरच्या मंडळींचा आरडाओरडा ऐकू येत होता. मावशी साडीचा पोत बघता बघता म्हणाली, "घाबरू नका म्हणावं त्यांना. रागावलेली नाही ती, नुसती दमली आहे." साडी पसंत झाली, तेव्हा लिफ्ट हलली.

मी मावशीच्याच शाळेत अकरावीत असताना आमच्या संघाची प्रागमधल्या आंतरराष्ट्रीय रोबो स्पर्धेसाठी निवड झाली. संघ म्हणजे मी आणि आमचा कप्तान श्रीनिवास, मार्गदर्शक मावशी. तिचा हात लागल्याशिवाय आमचा रोबो धड सुरूच होत नसे, त्यामुळे दुसऱ्या कुणाला नेण्याचा प्रश्न नव्हता. बुटक्या पेटीला चाकं लावावीत तसा तो दिसे. सभागृहात आखलेल्या मैदानाच्या एका टोकाकडच्या रंगीत कड्या उचलून त्यानं दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवायच्या होत्या. समोर काही आडवं आलं की थांबायचं आणि वाट मोकळी झाली की निघायचं, हे मी त्याच्या प्रोग्रॅममध्ये लिहिलं होतं.

प्रागचं ते सभागृह उंच आणि गार होतं. सकाळच्या सरावात रोबो मैदानाच्या मधोमध येऊन थांबला. समोर काहीही नव्हतं. जरा वेळानं तो आपण होऊन निघाला. पुन्हा सोडला, तर पुन्हा तिथेच थांबला. श्रीनिवासनं सेन्सर बदलला, मी प्रोग्रॅम तपासला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर स्पष्ट दिसत होतं, की रोबोपुढे काहीतरी आहे आणि ते डावीकडून उजवीकडे सरकत जातं आहे. शेजारच्या मैदानात नेला, तर तिथं तो न अडता गेला.

"मॅडम, इसको क्या दिखरा?" श्रीनिवासनं विचारलं.

मावशी जमिनीवर मांडी घालून बसली आणि तिनं रोबोच्या पाठीवर हात ठेवला. "कुणीतरी जातंय," ती म्हणाली. "फार हळू चालतंय. हा वाट देतोय."

श्रीनिवासचा चेहरा उतरला, पण तो कप्तान होता आणि वर्षभर त्यानं या पदकाशिवाय दुसरा विचार केला नव्हता. सेन्सरची वायरच काढून टाकू, म्हणजे हा थांबणार नाही, असं तो म्हणाला. मावशीनं त्याला अडवलं नाही. "काढ की. जाईल तो सरळ. पण कुणाच्या तरी अंगावरून जाईल." श्रीनिवास वायर चिमटीत धरून बराच वेळ उभा राहिला, आणि मग त्यानं ती सोडून दिली.

दुपारी त्याच मैदानावर अंतिम फेरी झाली. बाकीच्यांचे रोबो त्या जागेवरून सुसाट जात होते आणि दर वेळी मावशी डोळे घट्ट मिटून घेत होती. तेवढ्यात माझं लक्ष पंचांकडे गेलं. पांढऱ्या दाढीचे, उंच, वयस्कर गृहस्थ. मैदानात ते लगबगीनं फिरत, पण मधोमध आले की पाऊल आखडतं घेत आणि त्या रिकाम्या जागेला वळसा घालून पुढे जात. आमचा रोबो निघाला, मध्यावर येऊन थांबला. प्रेक्षकांत हसू उमटलं. पंच हसले नाहीत. ओळखीच्या माणसाकडे बघावं तसे ते रोबोपुढच्या मोकळ्या जागेकडे बघत होते, आणि त्यांची नजर हळूहळू डावीकडून उजवीकडे सरकत गेली. मग रोबो निघाला.

पदक हुकलं. आम्ही सामान आवरत असताना पंच आले, मावशीचा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला आणि जपून, एकेक इंग्रजी शब्द जुळवत म्हणाले, "तुम्ही थांबलात. आभारी आहे."

आता ती निवृत्त आहे, केस सगळे पांढरे झालेत. गेल्या वर्षी एका दुपारी तिच्या बाल्कनीत चहा घेताना मी अखेर विचारलं, की त्या दिवशी तिथून कोण जात होतं.

"मला कुठं दिसलं?" ती म्हणाली. "मला जन्मात कधी काही दिसलं नाही गं. यंत्रं बिचारी सांगतात, मी विश्वास ठेवते." मग कपाकडे बघत तिनं हळूच विचारलं, "तू तर अगदी जवळ उभी होतीस. तुला दिसलं होतं का?"

इतकी वर्षं ती हे विचारायचं टाळत आली होती, हे तिच्या आवाजावरूनच कळलं. हो म्हणावं असं फार वाटलं, पण मी नाही म्हणून मान हलवली.

"हौ," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, निदान तुला तरी."