स्पॅमविरुद्धचा लढा आणि आईच्या कडक भाकऱ्या

स्पॅमविरुद्धच्या माझ्या लढ्यात आजवर एकच बळी गेला आहे : आईच्या कडक भाकऱ्यांचा.

आई आणि शेजारच्या पद्माक्का सोलापुरात घरीच कडक भाकरी अन् शेंगाचटणी करून विकतात. त्यांची वेबसाइट मी केली. फुकट! (फुकटचं काम कसं असतं ते पुढे दिसेलच.) पाणीप्रश्नावर पत्रकं लिहून वाढलेली मी, ईमेलचा पत्ता पहिल्याच पानावर मोर्चाच्या फलकाएवढ्या अक्षरांत टाकला. "पत्ता लपवतो तो जनतेला घाबरतो!" असं आईला सुनावलंही.

जनता आली नाही. यंत्रं आली. वेबसाइटा हुंगत फिरायचं, दिसेल तो पत्ता उचलायचा अन् जगभर वाटायचा, एवढाच त्या निर्लज्ज यंत्रांचा धंदा! वजन घटवा, टक्कल घालवा, लॉटरी लागली, परदेशातल्या विधवेकडे सोनं पडून आहे... मेल धो धो सुरू झाले.

तेही निभावलं असतं. पण मेल बघायचं काम आप्पांकडे होतं, आणि माझे वडील मूळचे केम गावचे. दारात आलेल्याला उत्तर न देता वाटेला लावायचं नाही, ही त्यांची रीत. ते एकूण एक मेलला उत्तर देत होते!

"आप्पा, ही विधवा खोटी आहे!"

"आसंल. पन नवरा गेलाय म्हंती बिचारी. गप बसायचं व्हय?"

त्यांनी तिला लिहिलं होतं : 'यजमानांचं ऐकून वाईट वाटलं. सोन्याचं मागाहून बघू. आमची चटणी दह्याबरोबर खावी.'

या घरातून उत्तर मिळतं म्हटल्यावर जगातल्या सगळ्या विधवा आमच्याकडेच मोकळ्या होऊ लागल्या.

नेमक्या त्याच वेळी पुण्याच्या मीनाताई भेटल्या. त्यांचं तिथे दुकान. एका प्रदर्शनात आईची भाकरी मोडून खाल्ली आणि म्हणाल्या, "दिवाळीसाठी मोठी ऑर्डर मेलवर कळवते." आईची ही पहिलीच मोठी ऑर्डर! वेबसाइटचं कार्ड घेऊन त्या गेल्या, आणि आईनं लगेच ज्वारी दळून आणली. कडक भाकरी टिकते, म्हणून दोघींनी थापायला सुरुवातही केली.

ती ऑर्डर या कचऱ्यात गडप झाली तर? मी पेटून उठले. जुना पत्ता बंद. फोन नंबरही पानावरून पुसला. (अर्धवट लढा मला जमत नाही.) नवा पत्ता काढला आणि तो एका प्रश्नाआड दडवला. फक्त माणसालाच येईल असा प्रश्न : 'शेंगाचटणी कशात कुटतात?' उत्तर, उखळात. चुकलं की पाटी : 'तुम्ही माणूस नाही. निघा!'

आईनं वापरून बघितलं.

"अगं, मलाच निघा म्हंतंय की हे!"

"काय लिहिलंस तू?"

"मशीनमदी. गेल्या वर्षी कांडप मशीन घेतलं न्हाय का आपन?"

पद्माक्का हसून हसून परातीवर पडायच्या बाकी. "वैनी, पोरीनं तुमालाच यंत्र ठरवलं की! आता चहा नका मागू, तेल मागा!"

"लोकांना परंपरा कळायला हवी," मी ठणकावलं आणि प्रश्न तसाच ठेवला.

एवढ्यावर थांबेल ती कार्यकर्ती कसली! प्रदर्शनात जमवलेल्या कार्डांवरचे सगळे पत्ते घेतले आणि दुकानाच्या नव्या मेलवरून रोज सकाळी सगळ्यांना पत्रक धाडू लागले : 'नको असलेल्या मेलविरुद्ध पेटून उठा!' (कुणी मागितलं नव्हतं. क्रांती काय मागून येते?)

दिवाळी जवळ आली. भाकऱ्यांच्या थप्प्या कपाटावर गेल्या, मग टीव्हीवर, मग माझ्या पलंगावर. मी सतरंजीवर. "कदी यायचा गं त्यो मेल?" आई विचारायची. मी मीनाताईंना आठवणीचा मेल केला. उत्तर नाही. पुन्हा केला. नाही. "पुणेकर!" मी निकाल दिला.

आणि एका दुपारी अक्कलकोटच्या दर्शनाला निघालेल्या मीनाताई घर शोधत दारात हजर!

"अहो, आहात कुठे तुम्ही? तुमची वेबसाइट मला माणूसच समजेना. मिक्सर लिहिलं, निघा. खलबत्ता लिहिलं, निघा! शेवटी ऑर्डर लातूरला दिली."

आईचा चेहरा तव्यावरून उतरलेल्या भाकरीसारखा कोरडा पडला. मी घाईघाईनं म्हटलं, "पण मी मेल केले होते की तुम्हाला!"

"तुम्ही?" मीनाताईंनी मला नीट न्याहाळलं. "रोज सकाळी 'पेटून उठा' म्हणणाऱ्या तुम्हीच का? उठले ना मी पेटून. पहिला तुमचाच पत्ता स्पॅममध्ये टाकला!"

पद्माक्कांनी परातीत तोंड लपवलं.

घरात फक्त आप्पा शांत. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला, प्रवासाचं विचारलं, यजमानांचे गुडघे दुखतात म्हटल्यावर त्यांचीही चौकशी केली, दह्यातली चटणी अन् भाकरी समोर ठेवली. दोन भाकऱ्या संपल्यावर मीनाताई म्हणाल्या, "संक्रांतीची ऑर्डर तुमची. पण एका अटीवर. मेल आप्पांनी बघायचे. या मुलीनं नाही!"

आमच्या दिवाळीत करंजी नव्हती. सकाळी भाकरी, दुपारी भाकरी, पाहुण्यांना भाकरी. आईनं प्रश्न काढायला लावला, पत्ता पुन्हा उघड्यावर आला, आणि विधवांशी पत्रव्यवहार जोमानं सुरू झाला.

पत्रकं मी आता माझ्या स्वतःच्या मेलवरून धाडते, दुकानाच्या पत्त्यावरही. परवा न राहवून विचारलं, "आप्पा, माझी पत्रकं मिळतात का तुम्हाला?"

"मिळत्यात की. उत्तर बी दिलंय."

धावत जाऊन माझा मेल उघडला. लिहिलं होतं : 'आपली जाहिरात पोचली. सध्या गरज नाही. आमची चटणी दह्याबरोबर खावी.'