नंबर इंदूचा होता

एस्तेरबाई गेल्या, हे त्यांच्या भाच्यानं फोनवर सांगितलं तेव्हा मी शिवणकेंद्रात कापड बेतत होते. हातातलं बेतणं पुरं करूनच उठले... दीड महिना झाला, तेच आठवून राह्यलं.

बाई मूळच्या कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे ज्यू. फुलसावंगीत नर्स म्हणून आल्या अन् रिटायर होऊन इथंच राहिल्या. शाळेचे गणवेश शिवायचं आमचं केंद्र त्यांनीच उभं केलं, पण अडकणारी मशीन स्वतःला घेतली, चांगल्या आम्हाला दिल्या. बेतायची मोठी कैची दर महिन्याला नव्या बाईच्या हाती जायची. जिच्याकडं कैची, महिनाभर तिचा शब्द. एस्तेरबाईसुद्धा तिला विचारून शिवायच्या. माझा नंबर लागला तेव्हा मला धडकीच भरली, मी चौथी शिकलेली. तर बाई म्हणाल्या, "कौसे, देवानं जग करायच्या आधी स्वतःला आवरून घेतलं, तेव्हा कुठं आपल्याला जागा झाली. मी काय त्याच्याहून मोठी लागून गेले?"

पुढं त्यांचे डोळे अधू झाले, केंद्र माझ्याकडं आलं, अन् कैची मग माझ्याकडंच राहिली. काही वर्षांनी बाई एकदा काठी टेकत आल्या अन् सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आता नंबर इंदूचा आहे." इंदू बंजाऱ्यांच्या तांड्यावरची, बेतण्यात हात साफ होता तिचा. मी म्हटलं, "तांड्यावरचीच्या हाती देऊन ताग्याचं वाटोळं करू काय? तुमचं राज सरलं, बाई. दिसत नाही तर घरी बसा." एकदोघी हसल्या. मला बरं वाटलं.

त्यांच्या धर्मातल्या वर्षाच्या मोठ्या उपासाच्या आधी बाई दरवर्षी प्रत्येकीची माफी मागायच्या. त्या वर्षीही आल्या. "कौसे, माझं काही चुकलं असेल तर पोटात घाल." मी मान वर न करता म्हटलं, "बरं."

त्यांना गावाबाहेर पुरलं. माफी मागायची राहून गेली तर काय करायचं, असं मी विचारलं तेव्हा भाच्यानं सांगितलं, "माणसाचा अपराध केला तर माफी त्याच माणसाची मागायची, ताई. देव मधे पडत नाही. माणूसच गेलं असेल तर दहाजण घेऊन कबरीवर जायचं अन् मोठ्यानं बोलायचं."

मी केंद्रात म्हटलं, "दहाजणी चला माझ्यासंग." मशीन बंद झाल्या. कायले, कशासाठी, असं एकीनंही विचारलं नाही. कबरीसमोर मी सगळं बोलले, तांड्यावरचा शब्दसुद्धा, इंदूच्या देखत. वाटलं, कोणी तरी मला दोन शब्द सुनावेल... बोलून झालं तरी कोणी हललं नाही. शेवटी इंदूनंच मान खाली घालून विचारलं, "ताई, आता जाऊ काय आम्ही?"