दारू, हाडे आणि आमच्या शहारेबाई

डॉ. निरंजना शहारे यांची आणि माझी पहिली भेट २००३ साली, दिवाळीनंतर गावात भरणाऱ्या मंडईच्या जत्रेला आठ दिवस उरले असताना, त्यांच्या अर्जुनी मोरगावच्या दवाखान्यात झाली. भेट झाली तेव्हा मी टेबलावर आडवा होतो. बाईंच्या साठाव्या वर्षानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मोठमोठे डॉक्टर लिहीत आहेत. समितीने त्यात माझ्यासारख्या दहावी शिकलेल्या, नवेगाव बांध गावी शिलाईचे दुकान चालवणाऱ्या पटले टेलरलाही दोन पाने दिली. कारण विचारले तर अध्यक्ष म्हणाले, "पटले, बाई ज्याच्यावर सर्वांत जास्त रागावल्या, तो माणूस तुम्हीच."

माझे उजवे मनगट मोडले होते. बाईंनी विचारले, "किती उंचावरून पडलात?"

"माडीवरून," मी सांगितले.

माझी पत्नी सत्यभामा शेजारीच उभी होती. "आपल्या घराले माडी कधी झाली जी?" ती म्हणाली. "दुकानाच्या पायरीवरून पडले, बाई. एकच पायरी हाये."

दोन वर्षांतले हे माझे तिसरे हाड. आधी बरगडी, मग गळ्याजवळचे हाड, आता मनगट. बाईंनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला.

"पटले, कापड विरलं की काय होतं?"

"टाका धरत नाही, बाई."

"हे बघा, तुमचं हाड विरलंय. एका पायरीवरून पडून जे मोडतं, त्यात दोष पायरीचा नसतो. रोजच्या दारूनं नवं हाड नीट तयार होत नाही. वरून तुमचा तोल जातो, तो वेगळाच."

रोज किती पिता, असे त्यांनी विचारले. मी "थोडी" म्हणालो. सत्यभामाने दोन्ही हातांनी माप दाखवले. बाईंनी तिचेच लिहून घेतले.

मग त्यांनी मला तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले: नांगर, मासोळी, कंदील. प्लास्टर ओले असतानाच त्यांनी पुन्हा विचारले. मी अगदी ठासून सांगितले, "शर्ट, पॅन्ट, सफारी."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी दुकानाची चौकशी केली. तेव्हा सत्यभामाने सगळे सांगून टाकले. केशोरीच्या एका गुरुजींच्या सफारीला मी त्यांच्या मुलाचे माप लावले होते आणि एका नवरीच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या लावल्या होत्या. वर भांडलो होतो, की गिऱ्हाइकाने असेच सांगितले होते. मी ते माझ्या कानांनी ऐकलेही होते!

"हे खोटं बोलत नाहीत," बाई सत्यभामाला म्हणाल्या. "दारूनं मेंदूचं पोषण तुटतं. जे आठवत नाही, तिथं मेंदू स्वतःच काहीतरी लावून देतो. माणसाला ते खरंच वाटतं."

सत्यभामा मटकन बाकावर बसली. "अन् मी दोन वर्सं खोटारडा म्हणून भांडून राहिली यायच्याशी," ती म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. माझी नशा उतरली ती त्या क्षणी.

घरी जाऊन सगळ्या बाटल्या फोडते, असे ती म्हणताच बाई कडाडल्या, "घरी अजिबात नाही! इतकी पिणाऱ्यानं एकदम सोडली तर झटके येतात, जीवही जातो. इथंच राहायचं, माझ्या डोळ्यांसमोर."

दवाखान्यामागच्या खोलीत मी आठ दिवस राहिलो. सलाईन, जीवनसत्त्वाची इंजेक्शने आणि सत्यभामाच्या हातची पेज. तिसऱ्या दिवशी भर दुपारी मला भिंतीवर मासे पोहताना दिसू लागले. मी ओरडलो. बाई धावत आल्या, नाडी धरली आणि शांतपणे म्हणाल्या, "किती आहेत?"

"सात."

"मोजता येतायत ना? मग घाबरायचं नाही." त्यांनी इंजेक्शन दिले आणि सातही मासे निघून जाईपर्यंत त्या माझ्या उशाशी बसून राहिल्या. त्या दिवशी गोंदियाला त्यांच्या सख्ख्या भाचीचे लग्न होते, हे मला पुढे कंपाउंडरकडून कळले. बाईंनी त्याचा कधी शब्दही काढला नाही.

सगळे तिथेच सुधारले असे लिहिले तर बाई रागावतील. चार महिन्यांनी होळीला मी पुन्हा प्यालो आणि लाजेने पंधरा दिवस अर्जुनीकडे फिरकलो नाही. सोळाव्या दिवशी बाई स्वतः एसटीने दुकानात आल्या. हातात निळे ब्लाउजपीस. "माप घ्या," म्हणाल्या. माझी मान वर होईना. "पटले, माप चुकलं तर उसवून पुन्हा शिवता की दुकान बंद करता?" त्याच एसटीने मी त्यांच्यासोबत दवाखान्यात गेलो. तो ब्लाउज मी नंतर शिवला, पण एक बाही बोटभर आखूड झाली. तालुक्याच्या सत्काराला बाईंनी तोच घातला आणि भर उन्हाळ्यात तीन तास शाल पांघरून बसल्या.

पुढे बाई बाजाराच्या दिवशी गावोगाव दारूविषयी बोलू लागल्या. त्यांनी माझ्याकडून कापडाचा मेंदू शिवून घेतला. घागऱ्याच्या उरलेल्या कापडाचा, कापूस भरलेला, चांगला मोठा. केशोरीच्या बाजारात तो टेबलावर ठेवताच एका म्हातारीने विचारले, "गोबी केवढ्याले देतं रे?" सभा तिथेच निम्मी जिंकली. मागून एक गृहस्थ झुलत उठले. "बाई, माझा आजा नव्वद वर्सं जगला. रोज प्यायचा. त्याले कायी झालं नाही."

"नव्वद कोणी मोजली?"

"आज्यानंच सांगतली."

"मग साठ धरा," बाई म्हणाल्या. लोक हसून लोटपोट झाले. पुढच्या बाजाराला ते गृहस्थ दवाखान्यात आले.

आता मनगट पुरते वळत नाही, पण कात्री चालते. गिऱ्हाईक समोर असतानाच माप वहीत उतरवतो. माझी मुलगी पहिल्यांदा शाळेत गेली, तो दिवस मात्र मला आठवत नाही. मी तिला पोहोचवायला गेलो होतो म्हणतात. तो परत येईल का, असे बाईंना विचारले तेव्हा त्यांनी खोटा धीर दिला नाही. "तो गेला, पटले. पुढचे सांभाळा."

गेल्या वर्षी तिचे लग्न झाले. त्या दिवसातले मला सगळे आठवते. कोण आले, कोण रुसले, मुलीने निघताना माझ्या कानात काय सांगितले आणि बाईंनी वडाभात तीनदा मागून घेतला तेही.

बाईंना निरोगी शतायुष्य लाभो, ही माझी आणि सत्यभामाची प्रार्थना. बाई, दगदग कमी करा, गुडघे जपा, दूध घेत जा. रागावणे मात्र कमी करू नका. या तालुक्यात तुमचे रागावणे बाकी असलेली माणसे अजून पुष्कळ आहेत.