बाणवाली

गावात तिला सगळे बाणवाली म्हणतात, आणि तोंडावर म्हणतात. तिला त्याचा राग येत नाही. राग धरायला माणसाला थोडी उसंत लागते, आणि ती तिच्या घड्याळात बसत नाही. वय सत्तेचाळीस, केस आखूड कापलेले, उजव्या हाताच्या नखांत बारा महिने पिवळा रंग. सायकलच्या कॅरिअरला एका बाजूला ऑइलपेंटचा डबा, दुसऱ्या बाजूला तारेचा ब्रश. फाट्यावरचा दगड खरवडायचा, पुसायचा आणि त्यावर बाण काढायचा, हे तिचं काम. पर्यटन कार्यालयाच्या कागदांवर याला ‘मार्गचिन्हांकन’ असं भारदस्त नाव आहे. त्या नावाने कुणी हाक मारली तर ती वळूनसुद्धा बघणार नाही.

गावामागे डोंगरांच्या तीन रांगा आहेत आणि त्यांच्या अंगावर कच्च्या वाटांचं जाळं. काही वाटा बंद पडलेल्या खाणीच्या, काही लाकूड ओढून नेण्याच्या, आणि काही कुणी कशासाठी केल्या ते आता कुणालाच ठाऊक नाही. सगळ्या खडीच्या. तोंडाशी लोखंडी अडसर टाकलाय, त्यामुळे मोटार सोडाच, स्कूटरसुद्धा आत शिरत नाही. शहरातली माणसं हल्ली याच सुखासाठी येतात. जाड टायरच्या सायकली गाडीच्या टपावर बांधून आणतात, चौकात उतरवतात, आणि दिवसभर एकही हॉर्न ऐकू आला नाही म्हणून संध्याकाळी एकमेकांचं अभिनंदन करतात.

तिचे बाबा रोडरोलर चालवायचे. अकरा वर्षांपूर्वी त्यांची डावी बाजू गेली. बोलणं मात्र शाबूत राहिलं, उलट वाढलं. “मी जन्मभर खडी डांबराखाली गाडली आणि तू ती उघडी ठेवून लोकांना दाखवतेस,” असं ते आठवड्यातून एकदा तरी म्हणत. “घराण्याचं नाव काढलंस बघ.” पहिल्यांदा ती पोट धरून हसली होती. पुढे सवयीने हसत राहिली.

डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच बजावलं होतं, दर तीन तासांनी यांची कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतील आणि मग माझ्याकडे येऊ नका. आई आधीच गेलेली. दादा दोन तासांवरच्या शहरात राहतो. तो आणि वहिनी महिन्याकाठी यायचे, सफरचंदं आणायचे, आणि बाबांची तब्येत कशी छान आहे ते तिलाच सांगून जायचे. शेजारच्या शिवणवाल्या काकू पाणी पाजत, गोळी देत, पण त्यांची स्वतःचीच कंबर धरलेली. सत्तर किलोचा माणूस वळवणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. राहता राहिली ही.

तर बाणवालीचं सगळं काम तीन तासांत. सकाळी सहाला बाबांना डाव्या कुशीवर करून ती निघायची ते नऊला घामाघूम होऊन दारात. पहिली रांग ओलांडली की दुसरीच्या पायथ्याशी एक मोडका लाकडी पूल लागतो, घरापासून चौदा किलोमीटरवर. तिथे दीड तास भरायचा. अकरा वर्षांत त्या पुलापुढे तिचं चाक गेलं नव्हतं. तिसऱ्या रांगेचा निळा कणा ती तिथून रोज बघायची, दोन घोट पाणी प्यायची आणि सायकल वळवायची.

त्या वाटांवर बाण कसे काढायचे हेही तिचं तिनेच ठरवलं होतं. जाताना कुणी हरवत नाही, माणूस हरवतो तो परतताना. मग बाण परतीचेच काढायचे. पाहुण्यांनी हवं तिथे भटकावं, हव्या त्या फाट्याला वळावं. पिवळा बाण दिसला की समजायचं, गाव तिकडे. तिची रीतही ठरलेली होती. फाट्यावर सायकलीवरून उतरायचं, एक पाय दगडावर ठेवायचा, आणि स्वतःला विचारायचं, आत्ता बोलावणं आलं तर मी कुठून पळेन? तिकडे बाण. हा प्रश्न ती कुणाला सांगत नसे, पण रीत लोकांना फार आवडली. ‘इथे हरवताच येत नाही’ असं कार्यालयाने माहितीपत्रकावर छापलं. वाचून बाणवालीला मेलं हसावं की रडावं ते कळेना.

आणि मग या वर्षी साहेब आले. पर्यटन कार्यालयाचे साहेब म्हणजे गोल चेहऱ्याचा, भला, घाईतला माणूस. त्यांनी ओट्यावर नकाशा पसरला. तिन्ही रांगा ओलांडून पलीकडच्या तळ्यापर्यंत सलग ऐंशी किलोमीटरची वाट करायची होती, बाण तळ्याकडे नेणारे. अठ्ठावन्न फाटे. दोन दिवसांचं काम, मध्ये जंगलखात्याच्या चौकीत मुक्काम, तळ्यावरून बसने परत.

“ताई, तुम्हीच करा,” साहेब म्हणाले. “जमलं तर पुढच्या खोऱ्यातल्या वाटाही तुम्हीच निवडायच्या. नाही जमलं तर निवृत्त पोस्टमन मागे लागलाय माझ्या. त्याला घ्यावं लागेल.”

तिला ते काम हवं होतं. किती हवं होतं हे सांगायला हवं, कारण ती स्वतः कुणाला सांगत नव्हती.  भांडी घासताना तिसऱ्या रांगेपलीकडचा उतार तिच्या डोळ्यांपुढे येत होता, न पाहिलेला, आणि म्हणून रोज वेगळा. एकदा तरी तिथून खाली सायकल सोडायची, ब्रेक न दाबता. इतकंच.

तिने दादाला फोन केला. आवाज चढवायचाच असं ठरवून केला होता, पण वेळ आली नाही. “येतो ना,” दादा म्हणाला. “दोन दिवसांचं काय एवढं?” अकरा वर्षांत आपण हे कधी विचारलंच नव्हतं, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं.

दादा आला. तिने त्याला कूस कशी बदलायची ते तीनदा दाखवलं, भिंतीवर तासांचा कागद चिकटवला, औषधांच्या डब्यांवर आकडे घातले. बाबा म्हणाले, “अगं जा आता! मला वळवायला शिकवतेस का रोलर चालवायला?” तरी तिचा पाय निघेना. शेवटी दादानेच सायकल अंगणाबाहेर ढकलून दिली.

पुलापर्यंत तिचा जीव टांगणीला होता. पूल ओलांडला आणि फोनची रेंज गेली. पुढचे दोन दिवस म्हणजे तिच्या आयुष्यातले सोन्याचे दिवस होते. दुसरी रांग चढताना नाकीनऊ आले, चौकीच्या फळीवर झोपून पाठ मोडून आली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती तिसऱ्या रांगेच्या माथ्यावर पोचली. पलीकडचा उतार तिने कल्पिला होता त्याहून साधाच निघाला. खुरटी झुडपं, पांढरी खडी, खाली पत्र्यासारखं तळं. तिने ब्रेक सोडले आणि मोठ्याने ओरडली. ऐकायला कुणी नव्हतं म्हणून पुन्हा ओरडली. मधल्या प्रत्येक फाट्यावर ती उतरली होती, दगड खरवडला होता, बाण काढला होता. अठ्ठावन्न. एकही सुटला नाही. बसमध्ये बसल्यावर तिला एकदम जाणवलं, की आपल्याला दोन दिवसांत घराची आठवणही आली नाही. तिला लाज वाटली आणि बरंही वाटलं.

घरी बाबा ठणठणीत होते. दादाने सोळा वेळा कूस बदलली होती आणि आता तो साठ वेळा बदलल्यासारखा सोफ्यावर पडला होता.

आठ दिवसांनी साहेब दोन सायकलपटूंना घेऊन वाट तपासायला आले. नियम असा की नकाशा खिशात ठेवायचा आणि फक्त बाण बघत जायचं. बाणवालीने त्यांना फाटकातून निरोप दिला आणि ती बाबांचं अंग पुसायला घरात गेली. वीस मिनिटांत फाटक वाजलं. तिघेही परत दारात.

“काहीतरी चुकलं आमचं,” साहेब म्हणाले, आणि पुन्हा निघाले. अर्ध्या तासाने पुन्हा दारात. शिवणवाल्या काकू मशीन थांबवून खिडकीत आल्या. तिसऱ्यांदा तिघे आले तेव्हा त्यांच्या पाठीवर चिखल उडालेला होता आणि साहेबांचा गोल चेहरा उतरला होता.

“ताई,” ते म्हणाले, “तुमचे बाण आम्हाला तुमच्या घरापासून लांब जाऊच देत नाहीत.”

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि ती अंगणातच खाली बसली. साहेबांनी नकाशा काढला, माणसं पुढे पाठवली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. तळ्याजवळचा शेवटचा दगडसुद्धा तसाच होता. ऐंशी किलोमीटर, अठ्ठावन्न बाण, आणि अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न घराकडे वळलेले. डोंगरमाथ्यावरचाही. जिथे ब्रेक सोडून ती ओरडली होती, तिथलाही.

साहेब चांगला माणूस. त्यांनी खडसावलं नाही. “सवय आहे हो हाताची,” ते म्हणाले. “पुन्हा जाऊन उलटे करून या. पंधरा दिवस आहेत. मी पोस्टमनला थांबवून ठेवतो.”

दादाला फोन गेला. दादा म्हणाला, येतो की, गुरुवारी येतो. वहिनी मागून म्हणाल्या, मीही येते. काकू म्हणाल्या, बाई माहेरपणाला जाते तितकं सोपं आहे, जा. कुणीच अडवत नव्हतं. बाणवालीने पांढरा रंग आणला, जुने बाण पुसायला. तो डबा चार दिवस तिने उघडला नाही. बुधवारी दुपारी तिने साहेबांना फोन लावला आणि पोस्टमनला पाठवा म्हणून सांगितलं. साहेबांनी दोनदा विचारलं. तिने दोन्ही वेळा तेच सांगितलं.

फोन बाबांच्या खाटेजवळच होता.

“काय हे?” बाबा म्हणाले. “दादा येतोय. मला काही धाड भरलेली नाही. मग घोडं अडलंय कुठे?”

“नाही जायचं मला.”

“माझ्यासाठी थांबू नकोस हं. नंतर लोक मला बोलतील. मी सांगतो, जा.”

“तुमच्यासाठी नाही थांबत!” ती इतक्या जोरात म्हणाली की पलीकडचं शिलाई मशीन बंद पडलं. “तुमच्यासाठी थांबले असते तर दादा येतोय म्हटल्यावर गेले नसते का? दोन दिवस मी मोकळी होते, बाबा. मला खरंच वाटलं मोकळी आहे. गाणी म्हटली मी. आणि हात दर फाट्यावर काय करत होता तर घर दाखवत होता. पुन्हा गेले तर पुन्हा तेच करेन. पुसेन आणि पुन्हा तेच काढेन. तुम्ही सोडलंत हो मला. मलाच सुटता येत नाही.”

 बाबांकडे प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोलायला असायचं. खडीवर, सरकारवर, दादाच्या सफरचंदांवर.  त्यांनी चांगल्या हाताने चादरीची कड पकडली, सोडली. डोळे भरून आले तसे ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू लागले.

“तीन वाजले बघ,” ते म्हणाले.

तीनला अजून वीस मिनिटं होती. तिने उठून त्यांच्या खांद्याखाली हात घातला, दुसरा कमरेखाली, आणि त्यांना वळवलं.