सहावी जोडी

हल्ली फोनवर व्यापाऱ्यांकडून साड्यांचे फोटो येतात. खाली लिहिलेलं असतं, कलरवे एक, कलरवे दोन. नक्षी तीच, फक्त अंगाचा आणि काठाचा रंग वेगळा, एवढाच त्याचा अर्थ. कळमनुरीत आम्ही त्याला आपलं ‘जोडी’ म्हणतो. हिरव्यावर लाल, जांभळ्यावर पिवळा. एका नक्षीच्या सहा जोड्या येतात. पाच हातोहात जातात, राखाडीवर बिस्किटी मागे राहते. ती मी विधवांसाठी ठेवायचो. मला तसं कुणी सांगितलं नव्हतं.

गेल्या लग्नसराईत दोघी मायलेकी दुकानात आल्या. लेकीचं लग्न ठरलेलं, घरातल्या बायकांना एकाच नक्षीच्या पण निरनिराळ्या रंगांच्या साड्या हव्या होत्या. आईचं कपाळ नि गळा मोकळा दिसला आणि माझा हात आपोआप राखाडीकडे गेला. जित्याची खोड!

“ताई, ही तुम्हाला. एकदम सोबर.”

तिने ती मुकाट्याने मांडीवर घेतली. दुसरा हात मात्र शेजारच्या हिरव्या साडीच्या लाल काठावरून फिरत होता. लेकीने ते पाहिलं.

“काका, मला सहाच्या सहा दाखवल्या. आईला एकच काहून?”

“असू दे गं,” आई म्हणाली. “मला हेच बराबर हाय. लोक काय म्हणतील?”

“मग हळदीला मीबी राखाडीच नेसते. म्हणू दे लोकांना काय म्हणायचं ते.”

आधी मला पोरीचाच राग आला. एवढीशी पोर मला धंदा शिकवते! मग आईचा तो हात पुन्हा दिसला आणि लाज वाटली. सहाही साड्या तिच्यासमोर उलगडल्या.

“ताई, तुम्हाला कोणती आवडली?”

तिने लेकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हिरवीवर हात ठेवला तो बांधून देईपर्यंत उचललाच नाही.

बाकीच्या पाचही घेऊन त्या गेल्या. राखाडी तेवढी उरली. तिची घडी घालताना आठवलं, वडील गेल्यापासून दर दिवाळीला मी माझ्या आईसाठी अशीच राखाडी नेतो.

संध्याकाळी घरी गेलो. आई भाकरी थापत होती. चपला काढता काढताच विचारलं, “आई, तुला साडीत कोणता रंग आवडतो?”

“जांभळा,” ती लगेच म्हणाली. मग तिचा हात थांबला. “पण आता इतक्या वर्सांनी काहून विचारून राहिला?”