आप्पांच्या संघाचा नंबर

मित्रांनो, खानदेश-सुरत पट्ट्यातल्या कॉलेजांपैकी फुटबॉलमध्ये आजवर सर्वांत यशस्वी कोण, ही मी लावलेली क्रमवारी तुम्ही कालपासून शेअर करताय.

आज सकाळी ती सारंगखेड्याला आप्पांना वाचून दाखवली. आप्पा म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. स्वातंत्र्याआधी ते सुरतच्या एका कॉलेजकडून अनवाणी खेळायचे.

ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "आमना नंबर कितवा?"

"आप्पा, त्या टाइमनी नोंदच भेटनी नही."

"मी सांगस ना. आम्ही लागोपाठ जिंकनूत."

"तुमनाशिवाय आखो कोनी सांगनारं शे का?"

"सोबतना सगळा गयात. मी एकलाच शे. लिखी ले, भाऊ."

एकट्याच्या शब्दावर नंबर देता येत नाही, हे त्यांच्या तोंडावर सांगवेना. "मी देखस," म्हणून निघून आलो.

तुम्ही काय उत्तर दिलं असतं?