साठ वादकांचा खाऊ

प्यो हे-रिमच्या वाद्यवृंदात साठ माणसं होती आणि त्यातल्या एकाचंही तोंड तिनं कधी पाहिलेलं नव्हतं. दूरदेशच्या वादकांनी एकेक सूर वाजवून, ध्वनिमुद्रित करून विकला होता. ते सगळे सूर तिच्या कॉम्प्युटरात राहायचे. कीबोर्डवर बोट ठेवलं की व्हायोलिनं रडायची, नगारे धडाडायचे. सोलच्या मांगवोन भागात, तायक्वोंदोच्या वर्गाखालच्या तळघरात बसून ती टीव्ही मालिकांची युद्धं आणि विरह सांभाळायची. खोलीत एक खुर्ची, दोन स्पीकर, एक माईक आणि राइस कुकर. आणखी काही आणलं असतं तर तिलाच बाहेर जाऊन उभं राहावं लागलं असतं.

हे तिच्या वडिलांना ठाऊक नव्हतं. तोंगयोंग बंदरात बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात ग्वांग-सूंचं आयुष्य गेलं. मुलगी "वाद्यवृंदासाठी संगीत करते" म्हणाली, आणि त्यांनी टीव्हीवर पाहिलेला सगळा फौजफाटा तिच्या हाताखाली देऊन टाकला. मग मासळीबाजारात, न्हाव्याकडे, धक्क्यावर एकच डांगोरा, "आमची पोरगी साठ जणांना नाचवते." हे-रिमनं खरं सांगायला कितीदा तोंड उघडलं, पण फोनवर बापाचा फुललेला आवाज ऐकून पुन्हा मिटलं. माझ्या मते तिचं काही चुकलं नाही. अशा आनंदाला टाचणी लावायला कुणाचा हात धजावतो?

हातातल्या मालिकेचा शेवटचा भाग उरला होता. म्हातारा सेनापती मरतो, त्या प्रसंगावर तिनं जीव ओतला होता. सकाळीच हान दिग्दर्शकांचा फोन आला.

"संगीतकारबाई, सूर उत्तम आहेत. पण आत माणूस नाही. रिकाम्या सभागृहात दिवे लावून ठेवल्यासारखं वाटतं."

"वादक वाढवू का, दिग्दर्शकसाहेब?"

"काय हवं ते करा. संध्याकाळपर्यंत जमलं नाही तर तिथं आपलं नायकाचं गाणं टाकतो."

नायकाचं गाणं म्हणजे तेच गुळमट, प्रत्येक भागात वाजून वाजून चोथा झालेलं. त्यावर सेनापतीला मरू देणं हे-रिमला मान्य नव्हतं. तिनं चेलो दुप्पट केले, तुताऱ्या चढवल्या, नगाऱ्यांना घुमारा दिला. जितके वादक वाढवावेत तितकं ते सभागृह जास्तच रिकामं वाटायला लागलं.

दुपारी दार वाजलं. दारात आई-बाबा, आणि त्यांच्यामागे जिनाभर डबे.

मालिका संपत आली की घरच्यांनी कामावरच्या मंडळींना खाऊ द्यायचा, ही रीत. नटांसाठी कॉफीच्या गाड्या येतात. ग्वांग-सूंनी बसमधून किंबाप, म्हणजे समुद्रशेवाळात गुंडाळलेल्या भाताच्या वळकट्या, आणलं होतं.

"कुठंयत मंडळी?" त्यांनी तिच्या खांद्यावरून आत पाहिलं.

"कोण मंडळी, बाबा?"

"अगं, वादक. साठ जणांचं आणलंय. नगारेवाल्यांना भूक जास्त लागत असेल, म्हणून वर थोडं जास्तच."

आईनं खोलीवरून नजर फिरवली. "इथं साठ? मांडीवर बसवलेत तरी सहा मावायचे नाहीत."

मग हे-रिमनं सांगून टाकलं. सांगताना तिचे कान लाल झाले. ग्वांग-सू डबा हातात धरून तसेच उभे राहिले. त्यांना वाईट वाटलं होतं, आणि ते लपवणं त्यांना कधीच जमत नसे.

"म्हणजे इथं तू एकटीच?"

"एकटीच."

"आणि काम साठ जणांचं?"

"हो, बाबा."

त्यांनी हातातला डबा स्पीकरवर टेकवला. "आता हे बंदरावर कसं सांगू? साठवर विश्वास बसला होता. एकीवर कोण ठेवणार?"

"ते नंतर बघा," आई म्हणाली. "भात वाळायच्या आत माणसं जमवा."

आणि ती जिना चढून गेली. थोड्याच वेळात वरच्या तायक्वोंदोच्या दालनात घरमालकीण आजी, वर्गाचे गुरुजी, शेजारची सलूनवाली आणि तिच्याकडे केसांना रंग लावून घेत असलेल्या बायका असे दहाजण डब्यांभोवती खुर्च्या ओढून बसले. आई-बाबा आणि हे-रिम धरून तेरा. आता वयानं मोठ्या म्हणून आजींनी आधी जेवणाच्या काड्या उचलायच्या, मग बाकीच्यांनी. पण आजींचा चष्मा सापडेना. त्या एकेक खिसा चाचपत होत्या आणि सगळे किंबापवर डोळे लावून गप्प बसले होते. खुर्ची कुरकुरली. कुणीतरी श्वास आत घेतला. कुणी बाह्या सरसावल्या.

हे-रिम ताडकन उठली. पहिल्या सुराच्या आधी सभागृहात जे असतं, ते हेच होतं.

"आजी, उचलू नका. मी माईक आणते."

"चष्मा सापडला गं."

"सापडला तरी उचलू नका."

माईक आला. आजींनी काड्या हातात घ्यायच्या आणि थांबायचं, असं तिनं तीनदा करून घेतलं.

"पोरी, भुकेनं मारायचं ठरवलंयस का?" आजींनी विचारलं. दुसऱ्या वेळी गुरुजींचं पोट गुरगुरलं. तिसऱ्या वेळी ग्वांग-सूंनी घसा खाकरला आणि ओशाळून तोंडावर हात धरला. हे-रिमनं तिसरं ध्वनिमुद्रण ठेवलं.

वर मंडळी जेवणावर तुटून पडली. खाली तिनं वाढवलेले सगळे वादक काढून टाकले आणि ती वाट बघणारी शांतता व्हायोलिनांच्या खाली हलकेच अंथरली. ऐकताना तिला हसू आलं आणि डोळेही भरले.

संध्याकाळी हान दिग्दर्शकांनी विचारलं, "कुठलं सभागृह घेतलंत?"

"तायक्वोंदोचं," ती म्हणाली.

नायकाचं गाणं टाकायची वेळ आली नाही.

शेवटचा भाग लागला तेव्हा आईनं तोंगयोंगहून हे-रिमला फोन लावून मुद्दाम चालू ठेवला. घरात अर्धं बंदर जमलं होतं. सेनापती कोसळला. खुर्ची कुरकुरली, कुणीतरी घसा खाकरला, आणि मग व्हायोलिनं उठली.

"थांबा, हा मी," ग्वांग-सूंचा आवाज आला.

"तू? त्या साठ वादकांत?" कुणीतरी खवचटपणे विचारलं.

हे-रिमनं फोन कानाशी घट्ट धरला.

"साठबिठ कुणी नाहीत रे," ग्वांग-सू म्हणाले. "वाजवणारी माझी पोरगी एकटी. आम्ही बाकीचे नुसते जेवायला थांबलेलो. आता गप्प बसा, ती वाजवतेय."